हवेची जुनी रायफल हाती आली तर: लुईसच्या बंदुकीवरून शिकण्याच्या पायऱ्या

ऑगस्ट 1803 चा शेवट. पिट्सबर्गहून निघालेली अमेरिकी लष्करी अधिकारी मेरिवेदर लुईसची नाव ओहायो नदीत जेमतेम तीन मैल गेली आणि एका बेटाशी थांबली. बेटावरच्या मंडळींना लुईसने आपली हवेची बंदूक दाखवली. 55 यार्डांवर, म्हणजे सुमारे 50 मीटरवर, त्याने स्वतः सात गोळ्या मारल्या. नेमही बरा लागला. मग बंदूक दुसऱ्या एका गृहस्थाच्या हातात गेली. तिची रीत त्याला ठाऊक नव्हती. ती अचानक उडाली आणि चाळीसेक यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईच्या टोपीतून गोळी पार होऊन तिचं कानशील चाटून गेली. बाई कोसळली, रक्ताची धार लागली. सगळ्यांना वाटलं, ती गेली. थोड्या वेळाने ती सावरली, जखम जिवावरची नव्हती. लुईस आणि क्लार्क यांची मोहीम पुढे मिसूरी नदीने वर चढत, रॉकी पर्वत ओलांडून पॅसिफिक महासागरापर्यंत गेली आणि 1806 मध्ये परतली. त्या मोहिमेच्या रोजनिशीची सुरुवात या अपघाताने होते.

हवेची बंदूक म्हटलं की आपल्याला जत्रेतले फुगे आठवतात. म्हणूनच जुन्या पेटीत, वाड्याच्या माळ्यावर किंवा लिलावात अशी वस्तू हाती आली की माणसं ती बिनधास्त हाताळतात, घोडा ओढून बघतात, पोराच्या हातात देतात. अशी वस्तू आधी सुरक्षित कशी करायची, तिची जात कशी ओळखायची, तिच्या अंगावरच्या खुणा कशा वाचायच्या आणि ती कशी जपायची, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरण म्हणून लुईसचीच बंदूक घेतो. रानावनात दोन वर्षं वापरलेल्या हवेच्या रायफलच्या इतक्या तारीखवार नोंदी क्वचितच मिळतात.

पहिली पायरी: ती भरलेली आहे असंच धरा

बेटावरच्या त्या प्रसंगातून मी एक गोष्ट घेतो. सात गोळ्या सुटल्यावर बघणाऱ्यांना बंदूक रिकामी वाटली असणार. त्या काळच्या चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीने बार काढणाऱ्या, बंदुकीत एक बार झाला की ती रिकामीच असायची. लुईसच्या बंदुकीत मात्र अजून हवाही होती आणि गोळ्याही होत्या. बार झाल्यावर धूर नाही, बंदुकीच्या दारूचा वास नाही, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

आपल्या हातातल्या वस्तूचंही तसंच आहे. शंभर-दोनशे वर्षं हवा टिकत नाही, हे बहुतेक वेळा खरं. पण मधल्या कुठल्या मालकाने हौसेने पंप मारून ठेवला असेल, ते तुम्हाला माहीत नसतं. म्हणून नळीचं तोंड कुणाकडे नको, चापाला बोट नको, घोडा चढवायचा नाही. दस्ता किंवा हवेची टाकी आटे फिरवून काढता येते असं दिसलं, तरी जोर लावायचा नाही. टाकीच्या तोंडाशी झडपेची बारीक पिन दिसते, ती नखानेसुद्धा दाबू नका. टाकी भरलेली आहे की रिकामी, हे ठरवायला जुन्या शस्त्रांचं काम करणाऱ्या जाणकाराकडेच जा. तोवर वस्तू आडवी ठेवा, तोंड भिंतीकडे.

आणि ती पुन्हा चालवून बघण्याचा विचार आजच सोडा. ऑस्ट्रियन सैन्याच्या हवेच्या रायफलीत (लुईसची बंदूक याच नमुन्याची मानतात) टाकीतला दाब सुमारे 800 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर 800 पौंड, असायचा. गाडीच्या टायरमध्ये 32-33 पीएसआय असतो, म्हणजे जवळजवळ पंचवीसपट. हा दाब सोसायचा कुणी, तर लोखंडी पत्रा वळवून, रिव्हेट मारून, पितळी डाग देऊन केलेल्या टाकीने. ती घडवणंच तेव्हा अवघड काम होतं. पंप मारताना हवेबरोबर ओलही आत जाते आणि गंज आतून चढतो. बाहेरून टाकी चकचकीत दिसेल, आतला पत्रा किती उरलाय ते दिसत नाही. आणि टाकी फुटली तर ती नेम धरणाऱ्याच्या गालाशीच फुटेल, कारण या रायफलीत दस्ता म्हणजेच टाकी.

दुसरी पायरी: हवा कुठे साठते ते शोधा

बनवणाऱ्याचं नाव शोधण्याची घाई करू नका. आधी हवा कुठून येते ते बघा, जात त्यावरून कळते.

दस्ता जाडजूड आहे, आत पोकळी आहे, बाजूला किल्लीसाठी भोक आहे, तर आत भाता असण्याची शक्यता मोठी. या बंदुका घरात, दालनात नेमबाजी करण्यासाठी असत. नळीच्या खाली किंवा वर तांब्याचा किंवा लोखंडी गोळा स्क्रूने लावलेला असेल, तर गोळा-टाकीची बंदूक, अठराव्या शतकात बरीच चालणारी. लाकडी दस्त्याच्या जागी निमुळती लोखंडी टाकी आणि तिच्यावर चामडं शिवलेलं असेल, तर दस्ता-टाकीची. लुईसची याच जातीची. दट्ट्या आणि मोठी स्प्रिंग असलेल्या, नळी मोडून भरायच्या बंदुका मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि त्यानंतरच्या. त्या जुन्या दिसल्या तरी या घराण्यातल्या नव्हेत.

राहिली काठी. आपल्याकडे जुन्या सामानात निघालीच तर हीच निघण्याचा संभव जास्त. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये, विशेषतः बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत, हातातल्या काठीसारख्या दिसणाऱ्या हवेच्या बंदुका मोठ्या संख्येने झाल्या. वरचा अर्धा भाग टाकी, खालचा अर्धा नळी, मधे आटे. बाहेरून काळा रंग, काही ठिकाणी लाकडाच्या गाठींसारखे उंचवटे. चावी लावून आतली स्प्रिंग चढवायची, की चापाची बारीक कळ बाहेर येते. काठी हातात घेताच वजन जाणवतं. लाकडी काठीपेक्षा ती कितीतरी जड, आणि मधल्या सांध्यावर नख फिरवलं की बारीक रेघ लागते.

तिसरी पायरी: यंत्रणा समजून घ्या, हात न लावता

लुईसची बंदूक ज्या नमुन्याची मानतात, तो बार्तोलोमेउस गिरांदोनी या कारागिराचा. ऑस्ट्रियन सैन्याने हा नमुना 1780 मध्ये स्वीकारला. लांबी सुमारे 1.2 मीटर, वजन साडेचार किलोच्या आसपास, नळीत पेचदार खाचा. शिशाची गोळी पावणेबारा मिलिमीटर व्यासाची, वजनाला नऊ-दहा ग्रॅम.

मुख्य नळीला चिकटून बाजूने एक बारीक नळी जाते. तिच्यात वीस-बावीस गोळ्या एकामागे एक राहतात. मागच्या टोकाला दोन्ही नळ्यांना आडवी छेदणारी धातूची ठोकळी असते, तिला आरपार भोक. बंदुकीचं तोंड वर करायचं, म्हणजे गोळ्या आपल्या वजनाने मागे घसरतात. अंगठ्याने ठोकळी बाजूला सरकवली की भोक गोळ्यांच्या नळीसमोर येतं आणि एक गोळी त्यात बसते. अंगठा सोडला की पट्टीची स्प्रिंग ठोकळीला जागेवर आणते आणि गोळी मुख्य नळीच्या रेषेत येते. मग घोडा चढवायचा आणि चाप ओढायचा. घोडा ठिणगी पाडत नाही. त्याचा ठोसा पिनमार्गे झडपेला बसतो, झडप क्षणभर उघडते आणि नेमकी एका गोळीपुरती हवा सुटते.

टाकी पूर्ण भरायला हातपंपाचे सुमारे 1500 दट्टे लागत. सेकंदाला एक धरला तरी पंचवीस मिनिटं, आणि शेवटचे काहीशे दट्टे अंगाचं पूर्ण वजन टाकूनच. एका भरणीत तीसेक उपयोगी बार मिळत. पुढे दाब उतरत जाई आणि गोळी खाली पडू लागे. म्हणून सैनिकाबरोबर जादा भरलेल्या टाक्या देत.

हे समजलं की तुमच्या वस्तूत काय शोधायचं ते कळतं. बाजूची नळी आहे का, ठोकळी आहे का, नळीच्या आतल्या खाचा शाबूत आहेत का. हे सगळं टॉर्चच्या उजेडात आणि बाजूने बघा. तोंडाशी डोळा लावून कधीच नाही.

चौथी पायरी: दुरुस्त्या वाचा

या सगळ्या कामाचा गाभा मला इथेच वाटतो. जुनी हवेची रायफल आपली हकिकत सांगते ती तिच्या दुरुस्त्यांमधून. नाव नंतर कोरता येतं, कागद बनावट करता येतो. पण रानात, हाताशी असलेल्या अवजारांनी केलेली दुरुस्ती कुणी हौसेने खोटी करत नाही.

8 सप्टेंबर 1803 ला व्हीलिंग या गावी थॉमस रॉडनी नावाच्या प्रवाशाने लुईसची बंदूक पाहिली आणि डायरीत लिहून ठेवली. लुईसने बारा गोळ्या भरल्या, पण पहिल्याच बाराला सगळी हवा निघून गेली. पुन्हा भरली, तर दोनच बार झाले. मग त्याने दोष शोधून काही अंशी गळती थांबवली आणि सात बार झाले. बंदूक ठीक असेल तर मिनिटाला 22 गोळ्या मारते, असंही रॉडनीने लिहिलं. या नोंदीला पुढे फार महत्त्व आलं. बरीच वर्षं अभ्यासकांचा समज होता, की लुईसची बंदूक फिलाडेल्फियाच्या आयझाया ल्युकन्सने केलेली, एका वेळी एकच गोळी मारणारी. कारण ल्युकन्सच्या मागे 1847 मध्ये त्याच्या मालमत्तेचा लिलाव झाला, त्या यादीत लुईस-क्लार्क मोहिमेत वापरलेली हवेची बंदूक नोंदवलेली होती. पण मिनिटाला 22 गोळ्या मारणारी बंदूक एकबारी असूच शकत नाही. रॉडनीचं वर्णन गिरांदोनीशी जुळतं.

आता रोजनिशीतल्या दुरुस्त्या बघा. 10 जून 1805 ला लुईस लिहितो, की मोहिमेतला लोहार-कारागीर जॉन शील्ड्सने हवेच्या बंदुकीची मुख्य स्प्रिंग नवी बसवली. 7 ऑगस्ट 1805 ला तो पुन्हा लिहितो, की बंदूक बिघडली होती, काही अपघाताने नेमाच्या खुणाही हलल्या होत्या, त्याने त्या जुळवल्या आणि ती पूर्वीसारखी मारू लागली. अमेरिकेत एका संग्राहकाकडे असलेली गिरांदोनी जेव्हा खोलून तपासली गेली, तेव्हा तिच्यावरच्या दुरुस्त्या या नोंदींशी जुळणाऱ्या निघाल्या. आता ती अमेरिकन लष्कराच्या संग्रहात आहे आणि अनेक अभ्यासक हीच लुईसची बंदूक मानतात. मधे कुणी भल्या माणसाने ती नवीकोरी करून ठेवली असती, तर ही ओळख कायमची हरवली असती.

तुम्ही हे असं करा. खिडकीतल्या तिरप्या उजेडात वस्तू ठेवा आणि मोबाइलवर प्रत्येक बाजूचा फोटो घ्या. स्क्रूच्या खाचा बघा. एकच स्क्रू बाकीच्यांपेक्षा वेगळा असेल, तर तो बदललेला. कानशीचे वळ बघा. कारखान्यातला भाग घासून गुळगुळीत केलेला असतो, रानात केलेल्या भागावर कानशीच्या समांतर रेघा राहतात. माशी (नळीच्या तोंडाजवळचा नेमाचा उंचवटा) आणि मागची नेमाची खाच यांच्या बुडाशी जुनी जागा दिसते का ते बघा. लहान भागांवर जुळणीचे आकडे किंवा बारीक टिंबं ठोकलेली असतील, ती सगळीकडे सारखी आहेत का ते लिहून ठेवा. टाकीवरच्या चामड्याची शिवण मूळची आहे की नंतरची, टाके मोजा. हे सगळं लिहून होईपर्यंत फडकंसुद्धा फिरवू नका.

हे मी अनुभवाने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या हाती अशीच एक काठी-बंदूक आली होती. सांध्याचं पितळी कडं काळं पडलेलं होतं. घरात समई उजळतात तशी मी त्याला चिंच आणि मीठ लावलं. पाच मिनिटांत कडं सोन्यासारखं झालं. त्यावर बोटाला जाणवणारी कोरीव अक्षरं होती, चार-पाच असावीत. धुऊन पुसल्यावर पाहिलं, तर एका उभ्या रेघेशिवाय काहीच वाचता येईना. चिंचेच्या आंबटपणाने आणि माझ्या अंगठ्याच्या जोराने ती उथळ अक्षरं गेली. ती कुणाची होती, हे आता कळणार नाही. त्या दिवसापासून मी पितळ उजळत नाही.

पाचवी पायरी: चामडं आणि लोखंड जपा

हवेच्या बंदुकीचा जीव तिच्या वायसरमध्ये, म्हणजे सांध्यातून हवा गळू न देणाऱ्या चकत्यांमध्ये. त्या काळी ते चामड्याचे असत आणि हवा धरून राहण्यासाठी पाण्याने फुगवून ओले ठेवावे लागत. वाळले की गळती सुरू. आज आपल्याला हवा भरायचीच नाही, त्यामुळे ते ओलं करण्याचं कारण उरत नाही. तेलही लावू नका. खोबरेल, मशीनचं तेल, बुटाचं पॉलिश, सगळंच जुन्या चामड्याला मारक. बोट लावताच लालसर भुकटी येत असेल, तर चामडं आतून खचलंय. मग ते हाताळूच नका, मऊ सुती कापडाचा सैल वेढा द्या आणि संग्रहालयाच्या जतन विभागातल्या माणसाला विचारा.

लोखंडाला घामाचा स्पर्श नको, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला. सुटी धूळ मऊ ब्रशने झाडा. लालभडक, सुटा गंज वाढतोय असं दिसलं तर जाणकाराकडून काम करून घ्या. गडद, घट्ट बसलेला तपकिरी थर मात्र राहू द्या. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि गंज काढणारी रसायनं कपाटाच्या बाहेरच बरी.

कोकणात आणि मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्यात होते. हवेतली ओल 80-90 टक्क्यांवर जाते. वस्तू 50 टक्क्यांच्या आसपास राहिलेली बरी, आणि रोजची चढउतार शक्य तितकी कमी असावी. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि ओल मोजणारं छोटं यंत्र, एवढ्यात घरी काम भागतं. जेल रंग बदलतं का ते आठवड्याला बघा. जुन्या चामडी पेटीत किंवा फेल्टच्या अस्तरात बंदूक ठेवू नका, ते ओल धरतात. बरोबर शिशाच्या गोळ्या असतील तर त्या लाकडी पेटीतून काढा. लाकडातून निघणाऱ्या आंबट वाफांनी शिसं पांढरी भुकटी होत जातं. ती भुकटी विषारी असते. हातमोजे घाला, फुंकर मारू नका, मुलांना दूर ठेवा.

सहावी पायरी: कागद

इथे थोडक्यात, पण गांभीर्याने. भारतात शस्त्र नियम 2016 नुसार 20 ज्यूलपर्यंत ताकद आणि .177 इंचापर्यंत व्यास असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. गिरांदोनीसारखी जाड गोळीची रायफल या दोन्ही मर्यादांच्या कितीतरी पलीकडे जाते. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 45 मध्ये जुन्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे, पण ते शस्त्र दुरुस्त करूनही चालू शकत नसेल तरच. आपलं शस्त्र दुरुस्त होऊ शकतं की नाही, हे आपण घरी बसून ठरवू नये. जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा, उत्तराची प्रत वस्तूच्या फाइलमध्ये ठेवा. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर 1972 चा पुरावशेष कायदाही लागू होतो. ती परदेशी पाठवता येत नाही. विक्रीचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

सातवी पायरी: लोकांना दाखवताना काय सांगायचं

बहुतेक जण विचारतात, याने शिकार करत होते का? लुईसच्या मोहिमेत पोट भरलं ते दारूच्या रायफलींनी. दारू शिशाच्या 52 डब्यांत बंद करून नेली होती. ती कोरडी राहत होती आणि रिकामा डबा वितळवून गोळ्या पाडता येत होत्या. हवेची बंदूक रोजनिशीत पुन्हा पुन्हा येते ती दाखवण्यासाठी. 1804 च्या ऑगस्टमध्ये यँकटन सू या मूळ अमेरिकी लोकांसमोर ती चालवली, पुढे अरिकारांसमोर. 17 ऑगस्ट 1805 ला शोशोनी लोकांना दाखवली, त्यांनी तिला थोर दैवी शक्तीची वस्तू म्हटलं, असं लुईस लिहितो. तो दिवस मोहिमेच्या दृष्टीने नाजूक होता. रॉकी पर्वत ओलांडायला शोशोनींचे घोडे हवे होते. त्याच दिवशी मोहिमेबरोबर असलेली शोशोनी स्त्री साकागाविया आपल्या भावाला, टोळीप्रमुख कॅमेआहवेटला, भेटली. जानेवारी 1806 मध्ये किनाऱ्यावरच्या क्लॅटसॉप लोकांबद्दल लुईस लिहितो, की दारूशिवाय ती इतक्या वेळा कशी उडते, हे त्यांना कळेना.

तीस-पस्तीस माणसांच्या तुकडीकडे अशी किती हत्यारं आहेत, हे समोरच्याला कळत नव्हतं, आणि लुईसनेही ते कळू दिलं नसावं. पण हे सगळं एकाच बाजूच्या लेखणीने लिहिलेलं आहे, हेही पाहुण्यांना सांगा. ज्यांच्या भूमीतून ही मंडळी चालली होती, त्यांना त्या प्रात्यक्षिकामागची धमकी समजली नसेल, असं मला वाटत नाही.

प्रात्यक्षिक खऱ्या बंदुकीने मात्र करू नका, आणि गोळी मारणाऱ्या प्रतिकृतीनेही नको. मी गोट्या वापरतो. पारदर्शक प्लॅस्टिकची हातभर नळी, तिच्या बुडाशी आडवी सरकणारी लाकडी पट्टी, पट्टीला गोटीच्या मापाचं एक भोक. नळीत दहा गोट्या भरतो आणि मुलांच्या हातात देतो. पट्टी सरकवली की एक गोटी भोकात पडते, परत ओढली की ती पलीकडे येते. नळी आडवी धरली की काहीच येत नाही. मग कुणीतरी मूल आपणहून नळीचं तोंड वर करतं आणि गोट्या खडखडत खाली येतात.